मथुराक्काची काळी स्क्रीन

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला मालवणात काय काय बघावं लागतं, ते मला विचारा. सीपीयूत मुंग्यांचं बिऱ्हाड, पंख्यात पाल, कीबोर्डात सोलकढी. खाऱ्या वाऱ्यानं गंजलेलं लोखंड तर रोजचंच. आणि एवढं सगळं करून गिऱ्हाईक वर मलाच विचारणार, काल तर चांगला चालत होता, आज काय झालं? अहो, मेलेला माणूससुद्धा आदल्या दिवशी चालतच असतो. मी हे तोंडावर बोलतो. त्यामुळे भरड नाक्यावरचं माझं दुकान जितक्यांना माहीत आहे, तितक्यांना माझी जीभही माहीत आहे.

मी निलेश. मूळ वालावलचा. घरी भात, काजू आणि थोडी आंब्याची कलमं. समुद्राशी माझा संबंध पानात पडलेल्या बांगड्यापुरता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ज्या गोष्टीत मी पावसाळाभर गाढवासारखा फसत राहिलो, ती दांडी या मच्छीमारांच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती.

बंदराजवळ मच्छीमारांची सोसायटी आहे. होडी समुद्रात न्यायची तर डिझेल लागतं आणि डिझेल हवं तर सोसायटीची चिठ्ठी लागते. ही चिठ्ठी काढून देणारी मथुराक्का. दांडीत राहणाऱ्या, आयुष्यभर मासे विकलेल्या चंद्रावतीची एकुलती एक मुलगी आणि त्या वाडीतली मॅट्रिक झालेली पहिली बाई. लग्न केलं नाही. का केलं नाही ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं मला पायरीवरून खाली घातलं असतं. अठ्ठ्याण्णव साली सोसायटीत कॉम्प्युटर आला, तेव्हा हापिसातले पुरुष कारकून त्याला हात लावेनात. शॉक बसेल म्हणे. मथुराक्का पदर खोचून त्याच्यापुढे बसली ती बसलीच.

तो कॉम्प्युटर म्हणजे डॉसचा जमाना. काळी स्क्रीन, त्यावर हिरवी अक्षरं. माऊस नाही, चित्रं नाहीत, काही नाही. कोल्हापूरच्या एका माणसानं चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम लिहून दिला होता. होडीचा नंबर टाकायचा, एंटर मारायचं, कॉम्प्युटर 'टिंग' करायचा. लिटर टाकायचे, एंटर, 'टिंग'. मग प्रिंटर करकरत चिठ्ठी बाहेर काढायचा. मथुराक्काची बोटं त्यावर अशी चालायची की रांगेतला माणूस चिठ्ठी घेऊन वळेपर्यंत पुढच्याची निम्मी झालेली असे. मध्ये कोणी घुसलं तर ती मान वर न करता म्हणायची, "रांग नाय तर चिठ्ठी नाय." आणि घुसलेला गुमान मागे जायचा.

दोन हजार सातच्या जूनमध्ये तो कॉम्प्युटर मेला. मी उघडून पाहिला तर आतली हार्ड डिस्क गंजून तिचा पार भुगा झाला होता. सोसायटीचे चेअरमन भाई. भाईंची ओळख म्हणजे त्यांचा आवाज. ते जेटीवर हळू बोलले तर बाजारात ऐकू येतं. भाईंनी नवा कॉम्प्युटर आणला, चपटी स्क्रीन, चकचकीत माऊस, सगळं. चिठ्ठ्यांचा नवा प्रोग्रॅमही त्याच्याबरोबर आला. मला म्हणाले, पावसात होड्या वर ओढलेल्या आहेत तोवर मथुराक शिकव. नारळी पौर्णिमेला खिडकी उघडली की रांग थांबणार नाही. आणि मग, मालवणात फक्त पाच-पन्नास माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिला नाहीच जमलं तर कमिटीवाले कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या रिया नावाच्या मुलीला बसवा म्हणतायत, असंही सांगून गेले.

मी शिकवायला लागलो. आणि माझं डोकं फिरायला लागलं. मथुराक्का माऊस असा धरायची, जसा काही तो जिवंत कुर्ला, म्हणजे खेकडा आहे आणि आता चावणार आहे. बाण स्क्रीनच्या एका कोपऱ्यात, तर ही माऊस फिरवतेय भलतीकडेच. आक्का, बाण समोर आहे, समोर! असं मी किती वेळा ओरडलो असेन. ती नुसती ओठ घट्ट मिटून बसायची. मला वाटलं, म्हातारपणी हट्ट. जुनं सोडायचं नाही, नवं धरायचं नाही. घरी जाऊन मी बायकोला सांगायचो, दगडाला शिकवणं सोपं.

एक दिवस मी म्हटलं, निदान जुना कीबोर्ड तरी नव्याला जोडून देऊ, बोटांना सवय आहे. साफ करायला घेतला तर दोन-चार बटणांवर तांदळाचे कण चिकटलेले. डिंकानं नीट चिकटवलेले. मी चिमट्यानं एक कण खरवडायला गेलो आणि हसत म्हटलं, "आक्का, कीबोर्डाक कौल लावलात की काय?" आमच्याकडे देवाला काही विचारायचं असलं की मूर्तीला तांदूळ लावून कौल घेतात, तशातली थट्टा.

मथुराक्कानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की चिमटा खाली पडला.

"काढू नको," ती म्हणाली. "माका त्येच्याशिवाय बटण गावणा नाय."

मला तरीही कळेना. तेव्हा तिनं हापिसाचं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. तिची नजर कित्येक वर्षांपासून कडांकडून मिटत येत होती. आता पाईपाच्या नळकांड्यातून बघावं तेवढंच उरलं होतं, आणि तेही धूसर. गोव्याच्या डॉक्टरला दाखवून झालं होतं. त्यानं औषध नाही म्हणून सांगितलं. काळी स्क्रीन होती तोपर्यंत तिचं अडत नव्हतं. बटणं बोटांना पाठ, आणि नंबर बरोबर गेला की नाही ते 'टिंग' सांगायचं. आता हा बाण कुठे शोधायचा?

मी इतके दिवस या बाईवर ओरडत होतो. माझी मान खाली गेली. भाईंना सांगूया, मी म्हटलं, ते समजून घेतील.

"खंय सांगा नको," ती म्हणाली. "आयेक म्हायत नाय, भाईंक नाय, वाडीत कोणाक नाय. तुका सांगलंय, कारण तू वाडीतलो नाय." मग म्हणाली, "घराक बसलंय की मी आंधळी मथुरा. ह्या खिडकीर बसलंय की नुसती मथुरा. माका अजून थोडी वर्सा नुसती मथुरा ऱ्हवूचा आसा रे."

मला हो म्हणण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मी त्या दारातच ठरवलं, की नारळी पौर्णिमेला ही बाई या खिडकीत बसणार. कशी, ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

जुना कॉम्प्युटर तर मेला होता. त्या जातीचे सुटे भाग कोल्हापुरातही मिळेनात. जुना प्रोग्रॅम नव्यावर तसाच चालला असता तर प्रश्न नव्हता, पण तशी आशा धरण्यात अर्थ नव्हता. मी त्या काळातला दुसरा एक प्रोग्रॅम नव्यावर लावून बघितला तर खिडकी उघडली, लुकलुकली आणि बंद झाली. मग मला एम्युलेटर आठवला. एम्युलेटर म्हणजे सोंग. नव्या कॉम्प्युटरला सांगायचं, बाबा रे, तू आता जुना आहेस असं समज. तो आपल्या पोटात एक खोटा जुना कॉम्प्युटर तयार करतो. त्याला खोटी हार्ड डिस्क, खोटा फ्लॉपी ड्राइव्ह, सगळं खोटं. पण त्या खोट्या कॉम्प्युटरात जुनी डॉस खरीखुरी बसवावी लागते, पहिल्यापासून, अठ्ठ्याण्णवात बसवली तशीच. मी दुकानात रिकाम्या वेळी जुने गेम खेळायला हे उद्योग केले होते. माझ्या बापाच्या भाषेत रिकामटेकडेपणा. तो कधी कोणाच्या कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

आता लागत होत्या मूळच्या फ्लॉप्या. डॉसच्या आणि त्या चिठ्ठ्यांच्या प्रोग्रॅमची एक. मथुराक्का म्हणाली, हापिसात गळतं म्हणून पहिल्यापासून घरीच ठेवल्यात, आई सांभाळते.

मी दांडीत गेलो. चंद्रावती आजी दारातच फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. फ्लॉप्यांचं नाव काढल्यावर म्हातारीचा चेहरा असा खुलला, जसं मी तिच्या नातवंडांची चौकशी केली. आतून पत्र्याचा डबा घेऊन आली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेल्या फ्लॉप्या तिनं माझ्या हातात दिल्या. मी एक उचलली. ती वाकडी होती. दुसरी उचलली. तीही वाकडी, तव्यावर फुगलेल्या पापडासारखी. वर सुक्या सुंगटांचा, कोळंबीचा वास.

आजी, ह्यांना काय केलंस, मी विचारलं.

"ऊन दाखवलंय," ती अभिमानानं म्हणाली. "दरवर्सा. वैशाखात. एक वर्स चुकाक दिलंय नाय."

झालं होतं असं. कोल्हापूरच्या त्या माणसानं जाताना बजावलं होतं की फ्लॉप्यांना दमट लागू देऊ नका, बुरशी येईल. मथुराक्कानं ते आईला सांगितलं. आणि या किनाऱ्यावर कुठल्याही बाईला दमट लागू द्यायचं नाही म्हटलं की एकच गोष्ट ठाऊक असते. पावसाच्या आधी कडकडीत उन्हात वाळवण. सोलं, सुंगटं, जवळ्याचा गोलमो, गाद्या आणि त्यांच्या शेजारी कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या. खळ्यात चटईवर मांडून. वर जुनं जाळं टाकून, कावळे नेतील म्हणून.

माझ्या तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून धीर झाला नाही. मी म्हटलं, बऱ्या ठेवल्यास आजी, एकदम कोरड्या.

ती परत आठळ्या सोलायला बसली. खाली बघतच म्हणाली, "त्या नव्या पेटयेर तिका दिसणा नाय मां?"

मी फ्लॉप्या परत लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळायला लागलो.

"माका काय सांगतस, मी तिची आवस," ती म्हणाली. "घरात पाटो खंय, कळशी खंय, बोटभर सरकाक देणय नाय मी. ती माका सांगणा नाय, मी तिका इचारणय नाय. तूय सांगा नको, मी जाणतंय म्हणान."

घ्या. म्हणजे मुलीचं गुपित आईपासून लपवायचं आणि आईचं मुलीपासून. आणि दोन्ही माझ्याच पोटात. मी छत्री उघडली. म्हातारी उंबऱ्यातून देवळाच्या दिशेला हात जोडून म्हणाली, "बा देवा रामेश्वरा, ह्या पोराच्या हाताक यश दी." मला तेव्हा वाटलं, रामेश्वरानं यश द्यायचंच असेल तर ते वैशाखात ढग आणून द्यायला पाहिजे होतं.

डॉस मिळणं अवघड नव्हतं. ती अर्ध्या जगाकडे एकच असते. देवगडजवळ जामसंड्याला राधाबाई म्हणून एक बाई टायपिंगचा क्लास चालवायच्या; मी कॉम्प्युटर शिकलो तो त्यांच्याकडे. एसटीनं देवगड गाठलं, पावसात चिंब होऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. राधाबाईंनी कपाटातून डॉसच्या तीन फ्लॉप्या काढून दिल्या. दोन हजार सातात हे कशाला हवं, वेड लागलं का, असंही विचारलं. मी म्हटलं, म्हातारीला गेम खेळायचाय.

सेटिंग करायचंय असं सांगून नवा कॉम्प्युटर दुकानात आणला आणि त्याच्या पोटात जुनं घर बांधायला बसलो. खरं सांगतो, मजा आली. डॉस बसायला लागली की मध्येच थांबून सांगते, दुसरी फ्लॉपी घाला. घालायला फ्लॉपी कुठली, मी त्यांच्या फाइली आधीच करून ठेवल्या होत्या. पण तिला ते माहीत नाही. ती बिचारी जुन्या विश्वासानं विचारते, मी एक बटण दाबून खोटी फ्लॉपी बदलतो, ती आभार मानल्यासारखी पुढे सरकते. मग तिसरी घाला. आणि शेवटी ती काळी स्क्रीन, डाव्या कोपऱ्यात एक अक्षर आणि त्याच्यापुढे लुकलुकणारी रेघ. चपट्या चकचकीत कॉम्प्युटरवर. दुकानातलं एक गिऱ्हाईक म्हणालं, बिघडला वाटतं. मी त्याला बाहेर बसायला सांगितलं.

राहिली चिठ्ठ्यांच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी. ती जगात एकच. कोल्हापूरचा तो माणूस धंदा सोडून कुठे गेला, कोणाला पत्ता नाही. फ्लॉपी इतकी वाकडी की ड्राइव्हमध्ये अर्धी जाऊन अडायची. जोर केला असता तर दोन्ही गेली असती. मी ती टेबलावर ठेवून नुसता बघत बसायचो. भाई अधूनमधून दारातून डोकावून विचारायचे, मथुरा शिकली ना? मी सांगायचो, एकदम फर्स्ट क्लास, माऊस तर असा चालवते की काय सांगू. भाई माझ्याकडे जरा वेळ बघायचे, बरा बरा म्हणायचे आणि जायचे. मी घामाघूम. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती झाकून धरताना हाताला किती कळ येते ते कोणी सांगत नाही.

परत दांडीत गेलो ते असाच, काही सुचत नव्हतं म्हणून. आजी आठळ्याच सोलत होती. वरचं टरफल सुकून वेडंवाकडं झालेलं, आणि सुरीचं टोक घालून ते काढलं की आतली आठळी जशीच्या तशी. मी ते बघत उभा राहिलो. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फ्लॉपी म्हणजे काय, वरचं प्लॅस्टिक हे नुसतं टरफल. लिहिलेलं असतं ते आतल्या पातळ काळ्या चकतीवर. वाकलं होतं ते टरफल.

आजीची सुरी मागून घेतली आणि तिथेच पायरीवर बसलो. कडेनं सुरी घालून टरफल उकललं. आतून चकती निघाली, पापुद्र्यासारखी. सुंगटांच्या वासाची, पण सरळ. दुकानात नेऊन ती पुसली, एका चांगल्या फ्लॉपीचं टरफल उघडून त्यात बसवली, कडा चिकटवल्या आणि ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घरघरला. वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करू का? कर. पुन्हा करू का? कर बाई, कर. बाहेर काढून परत पुसली, परत घातली. तो घरघरत राहिला आणि मी वालावलच्या लक्ष्मी-नारायणापासून मालवणच्या रामेश्वरापर्यंत वाटेत लागेल त्या देवाला नारळ बोलत गेलो. शेवटी घरघर थांबली आणि प्रोग्रॅम उतरला होता, अख्खा.

त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करून भजी खाल्ली.

सोसायटीत नेऊन कॉम्प्युटर लावला. चालू केला की सरळ काळी स्क्रीनच यावी, नवं काही दिसूच नये, अशी व्यवस्था केली. जुना प्रिंटर आणि जुना कीबोर्ड जोडला. तांदळाचे कण होते तिथेच ठेवले. मथुराक्का खुर्चीत बसली, बोटं जागेवर ठेवली, एका होडीचा नंबर टाकला आणि एंटर मारलं. आणि थांबली. तिचा चेहरा उतरला.

"बोलणा नाय," ती म्हणाली.

'टिंग' झालंच नव्हतं. मी सगळं बसवलं आणि तेवढं विसरलो! माझ्या डोळ्यांना आवाजाची गरज नव्हती ना. कपाळावर हात मारून घेतला आणि शोधायला लागलो. खोट्या कॉम्प्युटरचा खोटा भोंगा बंद होता. तो चालू केला. मथुराक्कानं परत एंटर मारलं.

टिंग.

परत मारलं. परत. मग पदराचं टोक तोंडावर धरून हसायला लागली, आणि हसताहसता रडायला. "जरा सर्दी झाल्यासारखो आवाज येता," ती म्हणाली, "पण तोच आसा." होड्यांची नावं जुन्या डिस्कबरोबर गेली होती. पुढच्या दिवसांत तिनं ती सगळी नंबरांसकट तोंडपाठ पुन्हा भरली, टिंग टिंग करत.

नारळी पौर्णिमा झाली, समुद्राला नारळ गेला आणि दुसऱ्या सकाळी खिडकी उघडली. रांग पार रस्त्यापर्यंत. मी प्रिंटर बघायच्या निमित्तानं तिच्या मागे स्टुलावर बसलो होतो. खरं म्हणजे भाईंची धास्ती होती, म्हणून बसलो होतो. भाई आले, त्यांनी ही काळी स्क्रीन पाहिली, नवा कॉम्प्युटर घेऊन हे काय थेर, असं विचारलं, तर काय सांगायचं?

पहिला लवू. मथुराक्काचा चुलतभाऊ, शेजारच्या घरात वाढलेला. तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "मी लवू गो. जलदेवता." जलदेवता म्हणजे त्याची होडी. मला गंमत वाटली. चुलतबहिणीला नाव काय सांगतोय? त्यानं सोसायटीचं डिझेलचं कार्ड पुढे केलं ते फळीवर ठेवलं नाही, तिच्या उजव्या हातात दिलं. टिंग, टिंग, चिठ्ठी. मागचा आला. त्यानंही नाव सांगितलं, होडी सांगितली, कार्ड हातात दिलं. त्याच्या मागच्यानं तेच. मला वाटलं, सोसायटीचा नियम असेल.

मग देवगडकडचा एक नवखा खलाशी आला. त्यानं काही न बोलता कार्ड फळीवर टाकलं. तशी सबंध रांग त्याच्यावर फिसकारली. दबक्या आवाजात, पण सगळे एकदम. "नाव सांग मरे! नाव! आणि हातात दी!"

मी स्टुलावरून उठलो आणि मागच्या दारानं बाहेर गेलो. लवू जेटीकडे चालला होता. त्याला गाठून विचारलं, हे नाव सांगायचं कधीपासून चाललंय?

लवूनं इकडेतिकडे पाहिलं. "बरीच वर्सा झाली," तो म्हणाला. "तिका सांगा नको हां. तिका वाटता, कोणाक म्हायत नाय."

मला एकदम तिडीक आली. अरे, मग मी अख्खा पावसाळा भाईंना थापा मारत फिरलो त्या कशासाठी? माऊस असा चालवते न् तसा चालवते!

"भाईंनीच तर पयला सगळ्यांक सांगल्यानी, नाव सांगीत जावा म्हणान," लवू म्हणाला. "आणि कुडाळात एवढी मोठी दुकाना सोडून ते तुझ्याकडे कित्याक इले? जुना-पुराना उकरीत बसणारो मालवणात तूच एकटो."

परत आत येऊन स्टुलावर बसलो.

तेवढ्यात भाई आले. चेअरमन माणूस, त्यांची चिठ्ठी कोणीही आत नेऊन दिली असती. पण ते रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर खिडकीशी वाकले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, काळ्या, हिरव्या अक्षरांच्या. मग माझ्याकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, हळू आवाजात म्हणाले, "मी भाई. सागरकन्या."

मथुराक्काची बोटं थांबली.

"भाई," ती म्हणाली, "लहानपणापासून तुमचो आवाज ऐकतंय. आख्ख्या बंदराक ऐकाक येता. तुमी नाव कित्याक सांगतास?"

भाईंनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. "रांग आसा गो," ते म्हणाले. "रांगेत सगळ्यांनी सांगूचा असता."

मला मथुराक्काचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती. लवूचा आवाज, हातात येणारी कार्डं, इतक्या वर्षांत कोणीही न चुकता सांगितलेली नावं, सगळं तिच्या मनात एका जागी येत असणार. तिनं पदरानं डोळे पुसले. मग मान वर केली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "मगे जोरान सांगा, भाई. माका दिसणा नाय. ऐकाक येता."

कोणी चकित झालं नाही. कोणी चुकचुकलंही नाही. भाईंनी घसा साफ केला आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, बाजारापर्यंत जाईल असं सांगितलं, "मी भाई! सागरकन्या!" टिंग. टिंग. चिठ्ठी बाहेर आली. भाई ती घेऊन बाजूला झाले, तोंड समुद्राकडे करून. मागचा माणूस पुढे आला आणि त्यानंही जोरात नाव सांगितलं. त्या दिवशी रांग संपेपर्यंत सगळे जोरातच सांगत होते. मी तिथे बसून लहान पोरासारखा रडत होतो आणि प्रिंटरचा कागद सरळ करतोय असं दाखवत होतो.

मथुराक्का दोन हजार दहाला निवृत्त झाली. तोपर्यंत त्याच खुर्चीत, त्याच काळ्या स्क्रीनपुढे. चंद्रावती आजी त्याआधीच गेली. फ्लॉप्यांना उन्हानं काय झालं होतं, ते मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता खिडकीत रिया बसते. तिनं पहिल्याच आठवड्यात नवा प्रोग्रॅम सुरू केला, माऊस सर्रकन फिरवते, तिची नजर घारीसारखी आहे. तरीही रांगेतला प्रत्येक माणूस तिच्यापुढे येऊन आधी नाव सांगतो, मग होडीचं नाव, आणि कार्ड तिच्या हातात देतो. रियानं एकदा विचारलं म्हणे, मला दिसतंय की तुम्ही कोण ते, सांगता कशाला? तर लवू म्हणाला, हय तसाच सांगतत.

परवा तिचा प्रिंटर बिघडला म्हणून मी गेलो होतो. पुढच्या बाजूनं, खिडकीशी. रियानं वर पाहिलं, ओळखून हसली. आणि ती काही बोलायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "मी निलेश."